हंगाम संपला की सुया संपणार

दाखल्याची दुसरी प्रत हवी होती, म्हणून कसबा बावड्यातल्या माझ्या जुन्या शाळेत गेले होते. क्लार्क जेवायला गेलेले. तोवर फाटकाबाहेर उभी राहिले आणि मळीचा वास आला. साखर कारखान्याचा हंगाम ऐन भरात होता. आंबूस, जड, गोड असा तो वास नाकानं घेता येत नाही, तो सरळ घशात उतरून बसतो. पुण्यात राहून मला वाटलं होतं, आपण तो विसरलो.

फाटकाच्या उजव्या हाताला मामांचा गाडा असायचा. तिथं आता मोटारसायकली लावतात. शाळेनं बाहेरचे गाडे केव्हाच बंद केले. आत व्हरांड्याच्या टोकाला कॅन्टीन झालंय, आणि कॅन्टीनमध्ये काचेच्या दाराचा फ्रीज. काळ्या, नारिंगी, हिरव्या पाण्याच्या बाटल्या त्यात ओळीनं उभ्या. मधली सुट्टी झाली तशी पोरं त्या फ्रीजवर तुटून पडली. एका मुलीनं बाटली तोंडाला लावली आणि डोळे घट्ट मिटले. ती बाटली संपेपर्यंत मी तिच्याकडं बघत राहिले.

आमच्या वेळी फ्रीज नव्हता, पण रंग हेच होते. मामांच्या गाड्यावर लाकडी पेटीत बर्फ असायचा आणि त्यात काडीला लावलेली गारीगार. लाल चोखली की ओठ लाल व्हायचे, हिरवी चोखली की जीभ हिरवी. बरण्यांमधून लिमलेटच्या गोळ्या, बडीशेपेच्या गोळ्या, चिंचेचे गोळे, खोबऱ्याची गुलाबी वडी. उन्हाळ्यात एका काचेच्या भांड्यात केशरी सरबत, त्यावर मधमाश्या. मामा म्हणजे कुणाचेच मामा नव्हते, सगळ्या शाळेचे होते. त्यांची मुलगी रूपाली माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर. तिच्या गालात कायम काहीतरी असायचं. बाईंनी हजेरी घेताना ती ते डाव्या गालातून उजव्या गालात ढकलायची आणि "हजर" म्हणायची. तिच्या शेजारी बसलं की वहीलासुद्धा लिमलेटचा वास यायचा.

दुसरीतल्या दिवाळीनंतर मला तहान लागायला लागली. शाळेच्या नळाला तोंड लावलं की काढवत नव्हतं. घरी तांब्यावर तांब्या. अंथरूण ओलं व्हायचं आणि मी लाजेनं उशी चावायची. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. आईला वाटलं दृष्ट लागली. तिनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मग एक दिवस ऊस भरून चाललेल्या बैलगाड्यांच्या मागं धावताना मी रस्त्यातच बसले आणि उठले नाही. अण्णांनी मला खांद्यावर टाकून मोठ्या दवाखान्यात नेलं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात बॉयलरवर होते. घरी आले की त्यांच्या बनियनला उसाच्या चिपाडाचा, धुराचा आणि पाकाचा वास असायचा. ज्याच्या अंगाला साखरेचा वास त्याच्याच पोरीला साखर चालत नाही, असं दवाखान्यातली आया आईला म्हणाली होती. दवाखान्यात पहिली सुई टोचली तेव्हा मी विचारलं, "अण्णा, हे कवा थांबणार?"

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "हंगाम संपला की."

"म्हणजे कवा?"

"भोंगा वाजला, चिमणी थंड झाली, की सुया संपल्या. तोवर गोड खायचं न्हाय. मग साखर सगळी तुझीच."

मी त्या बोलण्याला धरून जगले. याहून वेगळं कसं सांगू?

घरी फ्रीज नव्हता. इन्सुलिनची बाटली अण्णा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माठात सोडायचे. पाणी प्यायला गेलं की ओगराळ्याला ती पिशवी लागायची. सकाळी पहिल्यांदा काचनळी. निळ्या औषधात माझ्या लघवीचे थेंब टाकून अण्णा ती नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायचे आणि आम्ही दोघं श्वास रोखून बघत बसायचो. निळं राहिलं तर चांगलं. हिरवं झालं तर बरं. पिवळं झालं की अण्णा नळी लगेच ओतून टाकायचे. आणि विटेसारखं लाल झालं की आई विचारायची, "काय खाल्लीस गं?" मी काही खाल्लेलं नसायचं. मामांच्या गाड्यावर जे जे रंग होते ते सगळे त्या नळीत यायचे, आणि ते मी न खाता यायचे, याचं मला फार वाईट वाटायचं.

शाळेत कुणाचा वाढदिवस असला की नवा फ्रॉक घालून, गोळ्यांची पिशवी घेऊन ती मुलगी वर्गभर फिरायची. माझ्यापाशी आली की बाई म्हणायच्या, "तिची इकडं दे." सव्वीस जानेवारीला अख्ख्या कोल्हापुरात चौकाचौकात जिलेबी तळतात. शाळेतही झेंडावंदन झालं की कागदात बांधून दोन-दोन जिलेब्या हातावर ठेवायचे. कागद तुपानं पारदर्शक झालेला असायचा, त्यातून छापलेली अक्षरं उलटी दिसायची. माझ्या हातावर बाई शेंगदाणे ठेवायच्या. मला राग यायचा नाही. मला तारीख मिळालेली होती.

मामांनी तर माझ्यासाठी एक वेगळी बरणीच ठेवली. लाल झाकणाची. दर शनिवारी शाळा सुटली की माझ्यासमोर तिच्यात काहीतरी टाकायचे, एक लिमलेट, एक वडी, एक चिंचेचा गोळा. "हे तुझं. हात लावीना कोण. बरी झालीस की एकदम घेऊन जा." मग मी आणि रूपाली गाड्याच्या चाकाशी बसून ठरवायचो की त्या दिवशी काय काय करायचं. आधी बरणी. मग गोटीसोडा. मग रंकाळ्यावर जाऊन आइस्क्रीम, वर लाल चेरी असलेलं. रूपाली म्हणायची, "चेरी मी खातो, तुला काय ठावं चेरी कशी खात्यात." आमच्याकडं पोरी स्वतःला 'खातो-जातो'च म्हणतात, त्यात काही वावगं वाटत नाही. मी चेरी तिला देऊन टाकली होती. एवढा मोठा दिवस येणार होता, एक चेरी गेली तर गेली.

पहिला हंगाम संपला. शेवटचा भोंगा लांबच लांब वाजला. मी दारात उभी. दोरीवरच्या कपड्यांवर रोज पडणारी काजळी दुसऱ्या दिवशी पडली नाही आणि आईनं पांढरी चादर वाळत घातली. अण्णा आले, चप्पल काढली, पाय धुतले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "औंदा ऊस कमी पडला गं. हंगाम अर्धाच झाला. औषधाला पुरता हंगाम लागतोय." मला पटलं. ऊस कमी पडलाय हे गावात सगळेच म्हणत होते.

दुसऱ्या हंगामानंतर मी विचारलंसुद्धा नाही. अण्णाच जेवताना म्हणाले, "पुढच्याला नक्की." आई ताटात वाढत होती. तिनं त्यांच्याकडं पाहिलं आणि भाताची वाढ अर्धीच ठेवली.

चौथीत होते. पावसाळा होता, गाड्यावर मामांनी मेणकापड बांधलेलं. शनिवारी त्यांनी बरणीचं झाकण उघडलं आणि एक नारिंगी गोळी आत टाकली. त्या गोळीला वर्तमानपत्राचा एक इवलासा तुकडा चिकटलेला होता. तो मी ओळखला. गेल्या शनिवारीही हीच गोळी, हाच तुकडा. मी बरणीकडं बघितलं. दीड वर्ष झालं होतं आणि बरणी अर्धीच होती. उन्हाळ्यात मी विचारलं तेव्हा मामा म्हणाले होते, उन्हानं माल वितळून खाली बसतोय. आता तर पाऊस होता.

"मामा, ही गोळी गेल्या शनिवारची हाय."

मामांचा हात झाकणावर तसाच राहिला. मोठ्या माणसाचा चेहरा असा उघडा पडलेला मी पहिल्यांदा पाहत होते. "आता गं," ते म्हणाले, "मला बी पोट हाय की. रोज काढून इकतो, शनवारी परत टाकतो. तू खुश, म्हणून…"

रूपाली शेजारीच होती. ती एकदम ओरडली, मामांवर की माझ्यावर ते कळलं नाही. "आणि तू तरी कशाला साठवतीस गं? ते बरं होत न्हाय! मरस्तोवर सुई हाय तुला. सगळ्यास्नी ठावं हाय. बाईंस्नी बी."

मामांनी तिच्या फाडकन मुस्काडात मारली. तिच्या गालातली गोळी उडून चिखलात पडली.

घरी गेले. आई भाकरी थापत होती. मी विचारलं, "आई, माझ्या सुया कधीच संपणार नाहीत?"

आईनं परात बाजूला सारली. ती म्हणाली, "कुणी सांगितलं तुला?"

'खोटं आहे' असं ती म्हणाली नाही. कुणी सांगितलं, एवढंच तिला हवं होतं. परातीतल्या पिठाकडं बघत मी उभी राहिले आणि मनात एकेकाला आठवत गेले. वर्गातल्या बाई, शेजारच्या काकू, दवाखान्यातली आया, मामा, आणि माझ्याबरोबर चेरीची वाटणी करणारी रूपाली. अख्खा बावडा एका बाजूला होता आणि दुसऱ्या बाजूला मी एकटी, भोंग्याला कान लावून बसलेली.

त्या दिवसापासून मी अण्णांना निळं दाखवायला लागले. सकाळी न्हाणीघरात जायचं आणि वाटीत नळाचं पाणी भरून आणायचं. पाणी कितीही तापवलं तरी औषध निळंच राहतं. अण्णा नळी उजेडाकडं धरून म्हणायचे, "बघ! बरी व्हायला लागलीस." त्यांच्या तोंडून ते ऐकताना मला गार वाटायचं. सलग निळं येतंय म्हटल्यावर डॉक्टरांना विचारून त्यांनी औषध थोडं कमी केलं. आणि मी खात सुटले. वाढदिवसाची गोळी बाईंच्या आधी तोंडात. डब्यातल्या भाकरीच्या बदल्यात कुणाचा साखर-चपातीचा रोल. दप्तरात गुळाचा खडा. चव मला आठवत नाही. घाई तेवढी आठवते.

पंधरा ऑगस्टला झेंडा वर गेला, फुलं पडली, टाळ्या झाल्या. मी जिलेबीचा कागद ओढून घेतला, शेजारच्या दोघींच्याही घेतल्या आणि शाळेमागच्या टाकीपाशी जाऊन बसले. पाक कोपरापर्यंत ओघळला. पोटात कळ आली, मग उलटी, मग श्वास असा चालायला लागला की जणू मी कुठून तरी लांबून पळत आलेय. मला शेवटचं दिसलं ते टाकीवरचं शेवाळ, आणि ऐकू आलं ते वर्गातल्या पोरांचं गाणं.

शुद्ध आली तेव्हा हातात सलाईन आणि उशाशी अण्णा. ड्युटीवरचेच कपडे. मी विचारलं, "अण्णा, तुम्ही खोटं का सांगितलं?"

ते माझ्या पायावरची चादर सारखी करत राहिले. "तू ईचारलीस, कवा थांबणार. माझ्या तोंडातनं हंगाम निघाला. मागं घेता आलं न्हाय."

"आणि दुसऱ्या हंगामाला?"

अण्णा सलाईनची बाटली बघायला उठले.

दुसऱ्या दिवशी रूपाली मामांचं बोट धरून वॉर्डात आली. रडून डोळे सुजलेले, वेणी विस्कटलेली. मी भिंतीकडं तोंड केलं. ती बराच वेळ उभी होती, मला तिच्या नाक ओढण्याचा आवाज येत होता. मग अण्णा तिला हाताला धरून बाहेर घेऊन गेले. त्यानंतर मला कोल्हापूर शहरातल्या मुलींच्या शाळेत घातलं. मी आणि रूपाली पुन्हा भेटलो नाही.

पुढं मी सुई घ्यायला शिकले, स्वतःच्या हातानं, कुणाच्या वायद्याशिवाय. कॉलेज, नोकरी, पुणे. ज्याला ज्याला मी हे सांगितलं त्यानं एकच म्हटलं, बापानं मायेपोटी केलं गं. आईनं म्हटलं, आत्यानं म्हटलं, मैत्रिणींनी म्हटलं. अण्णा गेले तेव्हा तर सगळ्यांनी मिळून म्हटलं. मी मान हलवायचे. माया होती, ते मलाही दिसत होतं. पण दीड वर्षं मी दारात उभी राहिले होते त्याचं काय, हे विचारायला जागाच उरायची नाही.

कॅन्टीनवाल्यानं मला ओळखलं. मामांचा मुलगा, रूपालीचा धाकटा भाऊ. "ताई हातकणंगल्याला दिलीया. ठेसनाजवळच घर हाय. तुमची लई आठवण काढती. जावा की!" आणि फ्रीजमधली एक बाटली काढून माझ्यापुढं धरली. मी नको म्हटलं. क्लार्क आल्यावर दाखला घेऊन पिशवीत टाकला, आणि पुण्याची गाडी संध्याकाळची होती म्हणून की कशानं, मी हातकणंगल्याच्या एस्टीत बसले.

रूपाली अंगणात धान्य वाळत घालत होती. मला बघून तिच्या हातातलं सूप खाली पडलं. "आत्ता गं बया!" म्हणत तिनं मला मिठी मारली. अंगाला गव्हाचा वास, लिमलेटचा नाही. सासू आतून डोकावून गेली. रूपालीनं चहा टाकला आणि मला समोर बसवून सारखी बघत राहिली. मग एका कपात साखर घातली, दोन चमचे, वर अर्धा. दुसऱ्या कपात घातलीच नाही. साखरेचा कप माझ्यापुढं ठेवला.

मी त्या दुसऱ्या कपाकडं बघत म्हटलं, "तुला पण आहे?"

"मला? छा, मला काय धाड भरलीया! माझा नवस हाय."

"कसला?"

"तुझाच की गं." ती हसली. "दवाखान्यात तू तोंड फिरवलीस. मी बाहेर जिन्यात बसून रडलो. माझ्यामुळंच तू तसं केलीस म्हणून. मग अंबाबाईला म्हटलं, ही बरी होऊ दे, मी गोड सोडतो. जल्मभर. तुझं अण्णा आले चार दिसांनी गाड्यावर. म्हणाले, रडू नको पोरी, बरी झाली ती. डॉक्टर म्हणाले रोग गेला, सुया बंद." तिनं कपाळाला हात लावून नमस्कार केला. "मग फेडाय नको? लग्नात ह्यांनी पेढ्याचा घास द्यायला हात केला तर मी मान फिरवली. सासू अजून काढती ते. डोहाळजेवणात बी मिठाचंच खाल्लं. पोरगीच्या बारशाला बी. काय वाटत न्हाय आता. तू बरी झालीस न्हवं?"

चहावर साय धरायला लागली होती. माझ्या डोळ्यांपुढं अण्णा आले, गाड्यापाशी उभे, एका रडणाऱ्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवलेले. माझ्यापाशी जे तोंडातून निघालं आणि मागं घेता आलं नाही, ते त्यांनी तिथं, सगळं कळूनसवरून, पुन्हा केलं होतं.

हो म्हणणं सोपं होतं. मी पर्समधून इन्सुलिनचं पेन काढलं आणि आमच्या दोघींच्या मध्ये ठेवलं.

"हे काय? पेनागत दिसतंय."

"सुई आहे. रोजची. एक दिवसही बंद झाली नाही, रूपा."

तिनं पेन हातात घेतलं. टोपण काढलं, परत लावलं. बाहेर तिची पोरगी कोंबड्यांच्या मागं पळत होती, तिचा आवाज येत होता.

"फसवलं गं मला अण्णांनी," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत ते वाक्य मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलं नाही.

ती उठली. साखरेचा डबा काढून तिनं आपल्या कपात चमचाभर साखर घातली. मग आणखी एक. ढवळत राहिली, कितीतरी वेळ. एक घोट घेतला आणि तसाच तोंडात धरून उभी राहिली, जणू तो कुठल्या बाजूला न्यायचा ते तिला सुचत नव्हतं. मग मोरीत थुंकली. "न्हाय जात नरड्याखाली," ती म्हणाली, आणि दोन्ही कप मोरीत ओतून पाण्याखाली धरले.

स्टेशनात गाडीची शिट्टी झाली. मी घड्याळ बघून उठायला लागले. रूपालीनं ओल्या हातानं माझा दंड धरला.

"कुठं निघालीस? बस खाली. आणि काय काय खोटं बोलल्यात अण्णा, ते सगळं सांग मला."

मी बसले. पदराला हात पुसत ती माझ्यासमोर मांडी घालून बसली, आणि मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.